सुंभ

देवगडच्या किल्ल्यावर, दीपगृहाच्या सावलीत
मी सतरंजी अंथरते आणि तलवारी मोजते.
लाभ, दोन, तीन...
लिलावात सुरमई मोजते तशाच,
फक्त मुठीकडून.
अडतीस.
संध्याकाळीही अडतीसच भरल्या पाहिजेत,
नाहीतर कुणी जेवायचं नाही. हा नियम माझा.

बाकीचे पास्कूचे.
पास्कू फर्नांडिस ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा.
या सगळ्या पात्यांची धार त्यानं कानशीनं बोथट केली,
टोकं रुपयाच्या नाण्याएवढी गोल.
म्हणायचा, "बाये, खारो वारो लोखंडाक दात देता."
म्हणून दर खेपेला मी माझी जुनी शिफॉनची साडी
प्रत्येक पात्यावरून ओढते.
धागा अडकला की तलवार बाद.
चौदा भोकं आहेत साडीला.
चौदा न झालेल्या जखमा.

विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या शस्त्राला हात नाही.
देताना मूठ पुढे.
ओलांडून जायचं नाही (ते तर आम्ही जाळ्यालाही पाळतो).
प्यालेला माणूस ना किल्लेदार, ना शत्रू.
प्रेक्षक.

दहा वाजता रत्नागिरीहून निखिलेश सुर्वे आला,
पणजोबांची तलवार घेऊन, खरी,
साडीपर्यंत न्यायचीही गरज नव्हती.
मिरवणुकीत धर, म्हटलं, पण म्यानात.
आणि मूठ म्यानाला सुंभानं बांधली,
होडी खांबाला बांधतात त्या गाठीनं.
"हा तलवारीचा अपमान आहे," तो म्हणाला.
"तलवारीक नाय रे, तुका बांधतंय."

चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात.
जयवंत कुबलसमोर दाजी सारंग आला
आणि तटावरची सगळी माणसं एकदम
समुद्राकडे बघायला लागली.
जयवंतची पर्ससीन, दाजीची रापण.
गेल्या हंगामात एका रात्री
कुणीतरी रापणीचं जाळं कापलं होतं.

पास्कूचा शेवटचा नियम:
लढण्याआधी आपलं पातं समोरच्याला द्यायचं,
त्यानं त्यावरून अंगठा फिरवायचा.
माझी धार तू बघ, तुझी मी.
जयवंतनं अंगठा फिरवला,
हळू, मुळापासून टोकापर्यंत.
पात्याकडे त्यानं बघितलंच नाही.

पहिला घाव बसवलेला होता. दुसराही.
तिसरा सरावातला नव्हता.
मला आवाजावरून कळलं.
लटक्या घावाला लोखंड खणखणतं,
खऱ्याला आखडून बोलतं.

"आवर!"

हा शब्द कुणीही ओरडावा, पोरानंही,
की जो जिथे असेल त्यानं गुडघा टेकायचा,
टोक मातीत, मान खाली.
सदतीस माणसं खाली बसली.
ढोलवालेसुद्धा बसले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
जयवंत तेवढा उभा, हात वर,
आणि त्याच्यासमोर दाजीची मान, घामानं चकाकणारी,
नियमाप्रमाणे उघडी.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.
खाली जेटीवर बर्फाचा ट्रक मागे घेत होते,
त्याची शिट्टी वाजत होती.

मग जयवंतचा गुडघा मोडला. मोडला म्हणजे टेकला,
पण कटकन वाजला, पन्नाशीचा गुडघा तो.
माझ्याकडे आला तेव्हा मूठ पुढे होती.
मी काही विचारलं नाही. साडी ओढली.
मधोमध अडकली.
पंधरा.

रापणीचं काही मिटलेलं नाही.
मंगळवारी पुन्हा सोसायटीत बैठक आहे
आणि दोघंही आपापली माणसं घेऊन जाणार आहेत.

अडतीस भरल्या. भात वाढला.

रात्री उशिरा निखिलेश आला, तलवार पोटाशी धरून.
दमट हवेत गाठ आवळली होती, सुटेना.
"कापू का?" म्हणाला. सुरी होती त्याच्याकडे.
बस, म्हटलं.
कंदील जवळ घेतला.
एक पदर तू धर.
मग आम्ही दोघं नखांनी, दातांनी,
बराच वेळ.